पुण्याची गाडी आणि विडीचे सूप

एकेकाळी सोलापूर माणसे ओढून घेत असे. 1877 साली जुनी मिल उभी राहिली, मागोमाग इतर गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात माग व तेलुगू दोन्ही रुजले. आता ओढ उलटी आहे. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, सोलापूर शहराची जेमतेम 9 टक्क्यांनी. पोरे शिकतात आणि पुण्याची गाडी धरतात.

यात गैर काही नाही. पगार जिथे, तिथे माणूस जाणारच. पण घरातले सगळेच जाऊ शकत नाहीत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. विडी वळणारी आई कारखान्यातून पाने-तंबाखू आणते, घरी सुपात विड्या वळते आणि मोजून परत देते. तिचा रोजगार त्या कारखान्याशी, फंडही तिथलाच. पुण्यात ही मजुरी तिला कोण देणार?

म्हणूनच विडी कामगारांसारख्या असंघटित मजुरांसाठी सोलापूरजवळ कुंभारीत उभारलेल्या रे नगरकडे केवळ घरकुल योजना म्हणून पाहू नये. 30 हजार घरांच्या या वसाहतीतील पहिल्या 15 हजारांचे लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झाले. हक्काचे घर ही मोठीच गोष्ट. मात्र ते शहराबाहेर आहे. रोजच्या रिक्षाभाड्यात मजुरी झिजणार असेल, तर महापालिकेने आधी तिथली बससेवा भरवशाची करावी आणि कारखानदारांनी पाने-तंबाखूचे वाटप वसाहतीतच सुरू करावे.