तान्हें बाळ आणि घरांतील कुत्रा

आमच्या एका वाचकभगिनीनें विचारलेला प्रश्न या महिन्यांत आम्हीं या सदरासाठीं घेतला आहे. या भगिनी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आल्या आहेत. सासरीं पांच वर्षांचा एक कुत्रा आहे. यजमानांनीं तो पिल्लू असतांना आणला आणि स्वतःच्या हातानें वाढविला. आतां सासूबाईंचें म्हणणें असें कीं, नातवंड घरांत येण्यापूर्वीं कुत्रा कोणास तरी देऊन टाकावा. यजमान म्हणतात, इतका गरीब प्राणी बाळास काय करणार? उलट तो त्याची राखणच करील. यांपैकीं कोणाचें ऐकावें, असें भगिनींनीं विचारलें आहे. आमचें उत्तर असें कीं, दोघांच्याही बोलण्यांत अर्धें सत्य आहे, आणि उरलेलें अर्धें समजून घेतल्यावांचून निर्णय करूं नये.

पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांतील ब्राह्मण आणि मुंगूस यांची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. ब्राह्मणी पाणी आणावयास जाते. जातांना बाळाकडे लक्ष ठेवण्याविषयीं पतीस बजावते. पण तोही भिक्षेसाठीं बाहेर पडतो. घरांत पाळण्यांतलें मूल आणि पाळलेलें मुंगूस एवढींच उरतात. साप येतो, मुंगूस त्यास मारतें आणि रक्तानें माखलेलें तोंड घेऊन मालकिणीस सामोरें जातें. तिला वाटतें, यानेंच माझें बाळ खाल्लें. आणि ती पाण्यानें भरलेला घडा त्याच्यावर टाकते. हीच कथा युरोपांत गेली, तेव्हां मुंगुसाचा कुत्रा झाला आणि सापाचा लांडगा. वेल्स देशांतील बेडगेलर्ट गांवीं त्या गेलर्ट नांवाच्या कुत्र्याची समाधि म्हणून एक जागा अद्यापि दाखवितात.

अविचारानें कृति करूं नये, हें या कथेचें तात्पर्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु गृहिणीच्या दृष्टीनें पाहिलें तर चूक घडा टाकण्याच्या पुष्कळ आधीं झाली होती. मूल आणि प्राणी यांस एकत्र सोडून घरांतील दोन्हीं जाणतीं माणसें बाहेर गेलीं, ही ती चूक होय. या पानावर आज जें सांगावयाचें आहे तें एवढेंच: राखण करणें हें माणसाचें काम आहे, तें प्राण्यावर सोंपविलें कीं त्याची किंमत बाळास तरी द्यावी लागते, नाहीं तर त्या मुक्या जिवास तरी.

कुत्रा दुष्ट नसतो, तसा तो साधूही नसतो. घरांतील मोठ्या माणसांस तो ओळखतो, त्यांच्या चालीवरून आणि आवाजावरून त्यांचें मन जाणतो. पण नुकतें जन्मलेलें मूल त्याच्या ओळखीच्या कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. तें चालत नाहीं, बोलत नाहीं. त्यास दुधाचा, तेलाचा अगदीं नवा वास येतो. तें एकाएकीं किंचाळतें आणि हातपाय झाडतें. कित्येक कुत्र्यांस अशा आवाजानें भीति वाटते, कित्येकांस कुतूहल, आणि कांहींच्या ठिकाणीं लहान जनावरामागें धांवण्याची मूळची प्रवृत्ति जागी होते. कुत्रा केवळ पाहण्याच्या इच्छेनें पाळण्यावर पुढचे पाय ठेवून उभा राहिला तरी इजा व्हावयाची ती होतेच. तान्ह्या मुलास मान सांवरतां येत नाहीं, हातानें ढकलतां येत नाहीं. म्हणून त्याच्या बाबतींत लहान चूक लहान राहत नाहीं. आमचा कुत्रा तर वीतभर, असें म्हणूनही निश्चिंत राहूं नये. २००० सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सहा आठवड्यांची एक मुलगी घरच्याच पोमेरेनियन कुत्र्यामुळें दगावली. पोमेरेनियन म्हणजे मांडीवर बसणारा, खेळण्यासारखा कुत्रा होय.

आतां तयारीविषयीं. आपल्याकडील माहेरीं जाण्याची रीत या कामीं फार उपयोगी पडते. सातव्या महिन्यांत गेलेली सून बाळास घेऊन परत येईपर्यंत चार-पांच महिने सहज जातात. तेवढ्या अवधींत सासरच्या मंडळींनीं कुत्र्यास नवी शिस्त लावावी, म्हणजे बाळाच्या आगमनाबरोबर त्याच्यावर एकदम सर्व बंधनें येत नाहींत. बाळासाठीं जी खोली ठरली असेल ती आतांपासूनच त्यास बंद करावी व दारास जाळीचें फाटक लावावें. पलंगावर चढण्याची संवय असेल तर ती मोडावी. "बस", "थांब", "जागेवर जा" या तीन आज्ञा तो घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडून पाळील असा सराव करावा. मारून शिकवूं नये. ऐकलें कीं लगेच आवडता घांस द्यावा. त्याचें फिरणें आणि खाणें सुनेच्या हातीं असेल तर तें काम दुसऱ्यानें आधींच घ्यावें. बाळाच्या रडण्याचा आवाज फोनवर अगदीं हळू लावून त्याच वेळीं त्यास खाऊ घालावें आणि तो स्वस्थ राहत असेल तर आवाज दिवसागणिक थोडा वाढवावा. बाळ झाल्यावर यजमान पाहावयास जातील तेव्हां बाळाच्या अंगाचें एक दुपटें बरोबर आणावें, दुरून कुत्र्यास हुंगूं द्यावें आणि काढून ठेवावें. तें त्याच्या तोंडांत मात्र देऊं नये.

याच काळांत त्यास पशुवैद्याकडे नेऊन आणावें. रेबीजची लस वेळच्या वेळीं टोंचलेली असावी आणि जंतांचें औषध दिलेलें असावें. कुत्र्याच्या विष्ठेंतून कांहीं जंतांचीं अंडीं मातींत पसरतात आणि रांगतें मूल तीच माती तोंडांत घालतें, म्हणून अंगण रोजच्या रोज साफ करावें. गोचीड आणि पिसवा यांचाही बंदोबस्त करावा.

परत येण्याच्या दिवशीं घाई करूं नये. उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची आपली चाल आहे. त्या वेळीं माणसांची गर्दी, बोलणें, खाण्याचा वास आणि बऱ्याच दिवसांनीं आलेली मालकीण हें सर्व एकदम जमून येतें. अशा वेळीं कुत्रा आनंदानेंही अंगावर झेप घेतो. म्हणून त्यास आधीं लांब फिरवून आणून आंतील खोलींत बंद ठेवावें. मंडळी स्थिरावलीं कीं बाळ दुसऱ्याच्या हातीं देऊन आईनें एकटीनें त्याच्याकडे जावें व त्यास कुरवाळून घ्यावें. नंतर पट्ट्यास दोरी बांधून, ती दोरी मोठ्या माणसानें हातीं धरून, दुरूनच बाळ दाखवावें. तो शांत बसला तर त्यास शाबासकी द्यावी. ओढूं लागला तर त्या दिवशीं तेवढें पुरे. तोंडाजवळ तोंड नेऊन ओळख करून देण्याची हौस कोणींही करूं नये.

बारसें सासरीं असेल तर त्या दिवशीं कुत्र्यास सकाळपासून दुसऱ्या घरीं किंवा बंद खोलींत ठेवणें उत्तम. पाहुण्यांपैकीं कोण दार उघडें टाकील याचा भरंवसा नसतो.

रोजचा नियम एकच आणि तो कडक आहे. बाळ आणि कुत्रा एका खोलींत असतील तर तेथें तिसरें जाणतें माणूस असलेंच पाहिजे, आणि तें जागें असलें पाहिजे. आजीबाई जपमाळ ओढतां ओढतां पेंगत असतील तर ती राखण नव्हे. आठ वर्षांचें थोरलें भावंड जवळ बसलें आहे, हीही राखण नव्हे. दूध उतूं जात आहे म्हणून दोन मिनिटें उठावें लागलें तर बाळ तरी उचलून न्यावें, नाहीं तर कुत्रा बाहेर काढून दार लावावें. रात्रीं दार बंदच असावें, कारण बाळंतीण दमून झोंपलेली असते आणि तिला जाग येईलच असें नाहीं.

पाळण्याविषयीं दोन शब्द विशेष लिहावेसे वाटतात. आपला टांगता पाळणा किंवा लुगड्याची झोळी हलूं लागली कीं कुत्र्याच्या डोळ्यांसमोर ती एक हलती वस्तु होते, आणि हलत्या वस्तूमागें जाणें हा त्याचा स्वभावच आहे. आपोआप झुलणाऱ्या पाळणावजा आसनांत ठेवलेल्या तान्ह्या मुलांवर कुत्र्यांनीं हल्ला केल्याच्या घटना अमेरिकेंतील न्यायवैद्यकतज्ज्ञांनीं २००६ सालीं नोंदल्या आहेत. तेव्हां पाळणा उंच बांधला आहे एवढ्यावर विसंबूं नये. त्या खोलीचें दारच लागलेलें असावें. अंगास तेल लावतांना आणि बाळ दूध पीत असतांना कुत्रा बाहेर असावा. मळलेले लंगोट झांकणाच्या बादलींत टाकावे, कारण त्यांच्या वासानें तो ओढला जातो.

कुत्रा बहुधा सूचना दिल्यावांचून चावत नाहीं. पण त्याच्या सूचना आपण वाचीत नाहीं. तो तोंड फिरवितो, वारंवार ओठ चाटतो, झोंप नसतां जांभया देतो, कान मागें पाडतो, शेपटी पायांत घालतो. कधीं डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशा रीतीनें तिरपा पाहतो. अंग ताठ करून एकटक पाहूं लागला तर तत्काळ बाळास दूर न्यावें. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूषच आहे, ही समजूतही खरी नाहीं. तो गुरगुरला तर त्यास मारूं नये. गुरगुरणें ही त्याची भाषा आहे. मार खाऊन तो ती सोडून देतो आणि पुढें न गुरगुरतां चावतो. त्यास शांतपणें बाजूस न्यावें आणि तो कशानें त्रासला याचा शोध घ्यावा.

चाटण्याविषयीं पुष्कळ घरीं कौतुकच असतें. धडधाकट त्वचेवर जीभ लागली तर धुऊन टाकावें. परंतु डोळे, ओठ, खरचटलेली जागा किंवा पुरती न वाळलेली बेंबी चाटली गेली तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय राहूं नये. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें सतत 15 मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकीं कांहींही त्यावर लावूं नये आणि लगेच दवाखाना गांठावा. माणसास होणारा रेबीज जवळजवळ नेहमीं कुत्र्यापासूनच होतो आणि रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय चालत नाहीं. पोटांत घ्यावयाचीं पूर्वींचीं इंजेक्शनें आतां इतिहासजमा झालीं आहेत. हल्लींची लस तान्ह्या मुलास मांडींत टोंचतात आणि ती त्यास व अंगावर पाजणाऱ्या आईस चालते. घरच्या कुत्र्यास लस दिलेली आहे एवढ्यावरून आपण होऊन निर्णय करूं नये. तो डॉक्टरांस करूं द्यावा.

येथवर वाचून सासूबाईंच्या भीतीस बळ येईल, म्हणून दुसरी बाजूही सांगणें न्याय्य आहे. फिनलंडमधील वैद्यांनीं 397 मुलांची पहिल्या वर्षभर पाहणी करून 2012 सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांत ज्या घरीं कुत्रा होता तेथील मुलांस सर्दीपडसें आणि कानाचे विकार कमी झाल्याचें आढळलें. तेव्हां निरोगी, लस टोंचलेला, शिस्तीचा कुत्रा घरांत असणें हें स्वतः अपायकारक नाहीं.

पहिले तीन महिने निर्विघ्न गेले कीं सर्वांच्या मनाची सैल पडते, आणि नेमकी तेव्हांच दुसरी कसोटी सुरू होते. सातव्या-आठव्या महिन्यांत बाळ रांगूं लागतें. इतके दिवस आपल्या जागीं असलेली वस्तु आतां कुत्र्याकडे चालून येते, त्याची शेपटी ओढते, त्याच्या थाळींत हात घालते. उष्टावणानंतर बाळाच्या मुठींत घांस असतो आणि तो नेमका कुत्र्याच्या तोंडापाशीं. म्हणून कुत्र्याची थाळी आणि निजण्याची जागा बाळाच्या आटोक्याबाहेर असावी, आणि कंटाळला असतां निघून जाण्यास त्यास एक वाट सदैव मोकळी असावी.

कांहीं प्रसंगीं मात्र कुत्रा दुसरीकडे देणेंच शहाणपणाचें होय. पूर्वीं तो लहान मुलांवर धांवून गेला असेल, खातांना जवळ येणाऱ्यावर दांत काढीत असेल, किंवा दार लावून वेगळें ठेवण्याजोगी दुसरी खोलीच घरांत नसेल, तर भीड धरूं नये. त्यास ओळखीच्या, मुलें नसलेल्या घरीं सोंपवावें. रस्त्यावर सोडून देणें निर्दयपणाचें आहे, आणि उपासमार होईल अशा स्थितींत प्राणी टाकून देणें 1960 च्या कायद्यान्वयें गुन्हाही आहे.

आमच्या भगिनींचा कुत्रा असा नसेल, तर निर्णय कुत्र्याच्या स्वभावाइतकाच यजमानांच्या नियमितपणावर अवलंबून आहे. बाळंतिणीवर बाळाचा भार असतोच. त्यांत कुत्र्याची राखण तिच्या माथीं मारूं नये. यजमानांनीं हे चार महिने वर सांगितलेला सराव रोज करून घेतला, फाटक बसविलें, पशुवैद्याकडे खेप केली, आणि पुढें सकाळ-संध्याकाळ कुत्र्याची जबाबदारी आपली असें सासूबाईंसमक्ष कबूल केलें, तर कुत्रा सुखानें ठेवावा. यांतील कांहींच त्यांच्या हातून घडलें नाहीं, तर सासूबाईंचें ऐकावें. भगिनींनीं हें पान यजमानांस वाचावयास द्यावें आणि फाटक केव्हां बसणार, हा पहिला प्रश्न त्यांस याच आठवड्यांत विचारावा.