पोराच्या हाती पाना द्या, एजंटाच्या हाती बिल नको



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणे आणि खत यांवर लिहितो. या खेपेचा विषय वेगळा वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. माधवनगर गटात ऊस नोंदीला फिरताना गेल्या दोन हंगामांत आम्हाला चार-पाच घरी एकच प्रश्न ऐकायला मिळाला. "साहेब, पोरगं दहावीला हाय. विमानाच्या इंजिनाचं काम शिकायचं म्हणतंय. असलं काय खरंच असतं, का नुसतं खूळ म्हणायचं?"

आमचे उत्तर असे की हे खरे असते. पण त्याची वाट सरळ आहे तशी लांबही आहे, आणि त्या वाटेवर लुटारूही बसलेले आहेत. तिन्ही गोष्टी सभासदांना ठाऊक असाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज काढून टाकू. विमान म्हटले की ते मोठ्या लोकांचे काम, ऊसवाल्याच्या पोराचा तिथे काय संबंध, असे आपण धरून चालतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. सांगलीच्या विश्रामबागेतील इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी कळंबला, म्हणजे आजच्या वालचंदनगरला, आणि नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाने उभे केले. त्याच गृहस्थांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानाची कंपनी काढली. पुढे १९६४ साली तीच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. म्हणजे आपल्या देशातल्या विमान कारखानदारीचा पाया एका साखर कारखानदाराने घातला आहे. तेव्हा उसाच्या मुलखातून विमानाकडे वाट जात नाही, असे कोणी म्हणू नये.

याच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मोठा कारखाना आपल्या राज्यात नाशिकजवळ ओझरला आहे. तो १९६४ साली मिग विमानांसाठी निघाला. पुढे तिथे सुखोई बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेले पहिले तेजस विमान आकाशात गेले. हा कारखाना आयटीआय झालेल्या मुलांना अॅप्रेंटिस म्हणून घेत आला आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, वेल्डर, पत्राकाम, रंगकाम असे ट्रेड तिथे लागतात. यांतले निम्मे ट्रेड आपल्या कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये आणि वर्कशॉपमध्येही आहेत, हे ध्यानात घ्यावे.

प्रवासी विमानांचे काम याहून वेगळे. नागपूरला मिहानमध्ये बोइंग कंपनीने एअर इंडियासाठी उभारून दिलेले विमान देखभालीचे केंद्र आहे. मुंबई विमानतळावर देखभालीचे काम रात्रंदिवस चालते. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. ही विमाने एका दिवसात येणार नाहीत, वर्षानुवर्षे येत राहतील. पण जे विमान येईल त्याला रोज हात लावणारा माणूस लागेल. वैमानिक सगळ्यांना दिसतो. खालचा मेकॅनिक कुणाला दिसत नाही, आणि त्याच्या सहीवाचून वैमानिकाला विमान हलवता येत नाही.

ही सही काय असते ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. विमानाचे काम झाले की लायसेन्सधारक इंजिनिअर कागदावर सही करतो, की हे काम ठरल्या पुस्तकाप्रमाणे झाले, विमान उडण्यास योग्य आहे. आपल्या कारखान्यात रोलर बिघडला तर गाळप थांबते, गाड्या रांगेत उभ्या राहतात, चार लोक ओरडतात. नुकसान होते, पण रोलर जागेवरच असतो. विमान वर गेल्यावर बाजूला लावता येत नाही. म्हणून तिथे नट किती जोराने आवळायचा याचाही आकडा ठरलेला असतो. पाळी संपताना हत्यारे मोजून घेतात, आणि एक पाना कमी भरला तरी तो सापडेपर्यंत शोध चालतो. "चालतंय की, कोण बघतंय" म्हणणाऱ्याचे तिथे काम नाही. आपल्या पोराचा स्वभाव कसा आहे, हे बापाने अगोदर यावर तपासावे.

आता वाटा सांगतो. मुख्य वाटा दोन.

पहिली वाट आयटीआय आणि अॅप्रेंटिसची. दहावीनंतर सरकारी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा फिटर किंवा तत्सम ट्रेड करायचा, आणि मग कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागायचे. यासाठी १९६१ सालचा अॅप्रेंटिस कायदा आहे. त्यात किमान वय १४, आणि धोक्याच्या धंद्यांना १८. मुलगा सज्ञान नसेल तर करारावर पालकाची सही लागते. शिकत असताना दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणानुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये धरले होते. अर्ज करताना त्या वेळचा आकडा जाहिरातीत पाहून घ्यावा. नोंदणी केंद्र सरकारच्या अॅप्रेंटिसशिपच्या संकेतस्थळावर होते. नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये तर फ्रान्सच्या दासो कंपनीच्या मदतीने खास विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा ट्रेड सुरू झालेला आहे.

दुसरी वाट लायसेन्सची. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित घेऊन पास व्हायचे, आणि मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ज्याला लोक डीजीसीए म्हणतात, मान्यता दिलेल्या संस्थेत शिकायचे. विषयवार परीक्षा द्यायच्या, प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव घ्यायचा, आणि मग लायसेन्स. सांगाडा व इंजिनाचे वेगळे, विजेच्या व इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे वेगळे. १८ वर्षांच्या आत ते मिळत नाही. परीक्षा इंग्रजीत असते आणि कामाची पुस्तकेही इंग्रजीतच. या वाटेला फी लाखांत जाते, पण वर सांगितलेल्या सहीचा अधिकार याच वाटेने येतो.

पहिल्या वाटेने गेलेल्या मुलाला दुसरी कायमची बंद होते असे नाही; पण बारावीचे गणित आणि पदार्थविज्ञान सुटले असेल तर ते पुन्हा धरावे लागते. म्हणून दहावीनंतर घाई करू नये. गणितात बरी गती असेल तर बारावी करू द्या. हातात कला असेल आणि पुस्तकाचा कंटाळा असेल तर आयटीआय बरी. बेणे दहा-अकरा महिन्यांचेच का घ्यावे, हे आम्ही सभासदांना वर्षानुवर्षे सांगत आलो; जून उसाचा डोळा नीट फुटत नाही. हाताच्या कामाचेही काहीसे तसेच आहे. सोळा-सतराव्या वर्षी हात जसा वळतो तसा पंचविशीत वळत नाही.

आता कडू भाग. अॅप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर त्याला कामावर घेतलेच पाहिजे असे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. त्याच्या हाती राहते ती परीक्षा, प्रमाणपत्र आणि हाताला लागलेले वळण. शिवाय त्या विद्यावेतनात मुंबईची खोली आणि खानावळ भागत नाही. घरून काही घालावे लागते, याचा हिशेब आधी मांडावा. काम पाळीचे असते. विमान दिवसा उडते, म्हणून त्याची दुरुस्ती पुष्कळदा रात्री होते. गणपतीला सुट्टी मिळेलच असे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते एजंटाचे. आमच्या पाहण्यात एका सभासदाने उसाच्या बिलातली मोठी रक्कम एका "एव्हिएशन" संस्थेच्या माणसाच्या हातात ठेवली. बोली होती सहा महिन्यांत विमान कंपनीत पक्की नोकरी. पोराला मिळाला एक गणवेश, एक प्रमाणपत्र आणि विमानतळाच्या बाहेरून काढलेला फोटो. अडसालीचे ते पैसे दीड वर्ष पाणी पाजून, रात्रीची लाइट सांभाळून आलेले होते. त्या घरात पुढचा हंगाम कसा गेला ते आम्ही लिहीत नाही.

म्हणून तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात. खऱ्या अॅप्रेंटिसला पैसे मिळतात, भरावे लागत नाहीत. जो नेमणुकीसाठी पैसे मागतो तो खोटा. लायसेन्सचे शिक्षण देणाऱ्या संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत नसेल तर तिथे एक रुपया भरू नये. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आणि नोकरीची शंभर टक्के हमी देणारा माणूस दिसला की चहा पाजून त्याला वाटेला लावावे. कायदा जी हमी देत नाही ती तो कुठून आणणार?

काही सभासद विचारतील, "सगळी पोरं विमानाकडं गेली तर रान कोण बघणार?" प्रश्न रास्त आहे, आणि शेतकी खात्याच्या माणसाने पोरांना रानाबाहेर धाडावे याचे नवलही वाटेल. पण ऊस नोंदीचे रजिस्टर आम्ही रोज चाळतो. ज्या गट नंबरावर एके काळी एका नावाने पाच एकर लागण असे, तिथे आज चार भावांची चार नावे आहेत. सव्वा एकरावर एक घर चालत नाही, आणि चार घरे तर नाहीतच. एक मुलगा हुन्नर शिकून बाहेर पडला तर मागे राहिलेल्याच्या वाट्याला सलग रान येते, त्यावर ठिबक परवडते, बेणे बदलणे परवडते. पोर बाहेर पडणे म्हणजे शेती मोडणे नव्हे. कैक घरांत शेती टिकली आहे ती अशानेच.

मुलींविषयीही दोन शब्द. या कामात हमालीची ताकद लागत नाही. नजर, नीटनेटकेपणा आणि टिपण ठेवण्याची सवय लागते. आयटीआयला आणि लायसेन्सला मुलींना मज्जाव नाही. ज्या घरात पोरगी गणितात पुढे आहे तिथे "तिला काय करायचं विमान" म्हणू नये.

शेवटी आपल्या कारखान्याविषयी. अॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घ्यावयाचे असतात. साखर कारखानेही यात आले. आमचे स्पष्ट मत असे की ही जागा भरण्याची औपचारिकता न मानता कारखान्याने तिला सभासदांच्या मुलांची पहिली पायरी मानावी. आपल्या पॉवर हाऊसमधली टर्बाइन वाफेवर फिरते, विमानाची जळत्या वायूवर. पाती, बेअरिंग, तेलाचा दाब आणि थरथर ओळखण्याची विद्या एकाच घरातली. इथे वर्षभर नीट शिकलेला पोरगा ओझरला किंवा नागपूरला गेला तर तो अगदीच नवखा ठरणार नाही.

त्यासाठी मा. संचालक मंडळापुढे आमची नम्र सूचना आहे. अॅप्रेंटिसच्या जागा दरवर्षी या पत्रकात आणि प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर जाहीर व्हाव्यात. निवड गुणांवर आणि हाताच्या कामाच्या परीक्षेवर व्हावी, आणि यादी गुणांसह लावावी. चिठ्ठीवर घेतलेला पोरगा इथे खपून जाईल, पण पुढे विमानाच्या दारात चिठ्ठी चालत नाही. त्याला तिथे तोंडघशी पाडण्यापेक्षा इथेच कसाला लावलेले बरे.

सभासदांना आमचे सांगणे एवढेच. पोराने विमानाचे नाव काढले तर हसू नका आणि घाबरूही नका. त्याला घेऊन आधी सांगलीच्या किंवा जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जा, वर्कशॉप दाखवा, तिथल्या निदेशकांशी बोला. घरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह त्याच्याकडून खोलून बसवून घ्या; तो किती वेळ टिकून बसतो ते बघा. कोणाची जाहिरात किंवा करार हाती आला तर सही करण्याआधी तो कागद गट ऑफिसला आणावा. उसाच्या नोंदीबरोबर तोही आम्ही वाचून, समजावून देऊ.