बाळ गेलं तरी ती बाळंतीणच असते



मेळघाटातले बालमृत्यू १९९० च्या दशकापासून गाजत आहेत. न्यायालयात याचिका झाल्या, समित्या आल्या, आता बालमृत्यूचं अन्वेषणही होतं. ते व्हायलाच हवं. पण ती चौकशी बाळ का गेलं याची असते. बाळ गेलेल्या बाईचं पुढे काय, हे त्या कागदावर कुठे विचारलेलं नसतं.

वऱ्हाडातल्या प्रसूती कक्षांत मी अनेक वर्षं परिचारिका होते. मेलेलं मूल झालेल्या बाईची खाट बहुतेक वेळा इतर बाळंतिणींच्याच रांगेत असते. रात्रभर शेजारची बाळं रडतात. तिचं बाळ बाप नाहीतर मामा कापडात गुंडाळून परस्पर नेतो आणि पुरून येतो. तिला तोंड दाखवत नाहीत, ‘पाहिलं तर विसरणार नाही’ म्हणून. भेटायला येणाऱ्या म्हणतात, ‘‘रडू नोको बाई, होईन दुसरं.’’ त्या मायेनंच बोलतात. पण न पाहिलेलं बाळही ती विसरत नाही, आणि दुसरं झालं तरी हे तिचंच असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. छाती दगडासारखी होते, ताप भरतो. थंड पट्ट्या ठेवाव्यात, ठणका कमी होईल इतकंच दूध काढावं, ही साधी माहितीही घरी जाताना तिला कुणी देत नाही. रक्तस्राव, टाके, जंतुसंसर्गाची भीती इतर बाळंतिणीइतकीच. आशाताईंनी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत सहा गृहभेटी द्यायच्या असतात. ही योजना २०११ साली आली तेव्हा त्यांचा २५० रुपयांचा मोबदला आई आणि बाळ दोघंही सुखरूप असण्याशी जोडला होता. म्हणजे जिथे जाण्याची सर्वांत जास्त गरज, तिथलीच भेट बिनमोलाची!

केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२२ रोजी मृतजन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष रजा दिली. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या कायद्यापासूनच आहे. कापूस वेचणाऱ्या मजूर बाईच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

‘आधी जीव वाचवा, खाटा आधीच कमी आहेत’ असं उत्तर मिळेल. मी नवी इमारत मागत नाही. खाट स्त्रीरोग कक्षात हलवायला पैसा लागत नाही. अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय इथून सुरुवात व्हावी, कारण दोन्ही जिल्ह्यांतल्या अवघड बाळंतपणाच्या बऱ्याच बाया तिथे पोचतात. बाळ पाहायचं का, हे तिला आणि त्याच्या बापाला विचारावं. सुटीच्या कार्डावर दुधाबद्दलच्या सूचना आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. आशाताईंच्या सहाही भेटी व्हाव्यात आणि बाळ गेलं म्हणून एकीचाही मोबदला अडू नये. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तसा लेखी आदेश काढावा.

– एक निवृत्त परिचारिका, अकोला