प्राणवायूची बाटली आणि आंबोलीचा घाट

जळगावजवळच्या असोद्यात विहिरीत पोहायला शिकलेल्याला पाण्याचा दाब समजावून सांगावा लागत नाही. तळाशी गेले की कान दुखतात, एवढा धडा पुरतो. तो एका श्वासात जातो आणि वर येतो. पाठीला बाटली बांधून समुद्रात ४० मीटर खोलीवर वीस-पंचवीस मिनिटे घालवणाऱ्याचे गणित मात्र वेगळे असते.

तिथे दाब जमिनीवरच्या पाचपट असतो. श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरातल्या चरबीत विरघळत राहतो. झटकन वर आले, तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होते तेच शरीरात होते. बुडबुड्यांनी सांधे ठणकतात, क्वचित पाय लुळे पडतात. म्हणून वर येताना ठरावीक खोलीवर थांबायचे. अनुभवी पाणबुड्यांना यापुढचे एक प्रशिक्षण मिळते. या थांब्यांवर साध्या हवेऐवजी ५० टक्के प्राणवायूचे मिश्रण घ्यायचे, अखेरीस शुद्ध प्राणवायू. श्वासात नायट्रोजन कमी असला की अंगातला लवकर बाहेर पडतो.

पण प्राणवायू म्हणजे जितका जास्त तितका चांगला, ही समजूत पाण्याखाली जीवघेणी आहे. ५० टक्क्यांची बाटली साधारण २१ मीटरच्या वरच तोंडाला लावायची, शुद्ध प्राणवायूची ६ मीटरच्या वर. त्याखाली तोच वायू मेंदूला विषारी ठरतो. पूर्वसूचना न देता झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे झटके प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरावर ओढवून घेतले होते. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

त्यामुळे या प्रशिक्षणात बाटलीतला वायू स्वतः मोजणे, बाटलीवर खोली ठळक लिहिणे आणि तोंडाला लावण्यापूर्वी जोडीदाराकडून तपासून घेणे, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात. शेकडो डुबक्या मारलेल्यांना ते कंटाळवाणे वाटते. खरे तर हे त्यांच्यासाठीच आहे. नवशिक्या घाबरून तरी नियम पाळतो.

तरीही महाराष्ट्रापुरती एक गोष्ट या प्रशिक्षणात जास्त ठासून सांगायला हवी. डुबकीनंतर लगेच विमानात बसू नये, हे बहुतेकांना पाठ असते. थांबे घेऊन केलेल्या खोल डुबकीनंतर १८ तासांहून बराच जास्त वेळ, साधारण पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो. घाटाचा विचार मात्र सहसा होत नाही. खानदेशातला माणूस तारकर्ली-मालवणहून परतताना सह्याद्री चढतोच. आंबोलीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. डुबकीच्या हिशेबात ३०० मीटरच्या वरची जागा ‘उंचीवरची’ धरतात. विमानाइतकी हवा तिथे विरळ होत नाही, त्यामुळे थांबण्याचा काळही कमी असू शकतो. पण तो शून्य नसतो. शेवटी शुद्ध प्राणवायू घेतला म्हणून अंगातला सगळा नायट्रोजन गेलेला नसतो.

दुपारी खोल डुबकी आणि संध्याकाळी रातराणी, हा बेत म्हणूनच मोडीत काढावा. मुक्काम वाढतो, हॉटेलचा खर्च वाढतो, हे खरे. आणि घरी पोहोचल्यावर खांदा दुखू लागला, हाताला मुंग्या आल्या, तर प्रवासाने अंग आंबले म्हणून गोळी घेऊन झोपू नये. समुद्रापासून इतक्या दूरच्या डॉक्टरांना हा आजार चटकन सुचेलच असे नाही. त्यांना डुबकीची खोली, वेळ आणि घाट चढल्याची वेळ आधी सांगावी.