किनारा फुकट, खाट महाग

द्वितीय वर्ष, बी. ए.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सरहद्दीपासून वीसेक किलोमीटरवर सान सेबास्तियान नावाचे शहर आहे. बास्क लोक आपल्या भाषेत त्याला दोनोस्तिया म्हणतात. वस्ती दोन लाखांच्या आत. पण स्पेनमधल्या सर्वांत महागड्या शहरांत त्याची गणना होते. त्याचे नाव निघाले की जाणकार लोक तेथल्या तीन-तीन मिशेलिन तारे मिळवलेल्या उपाहारगृहांबद्दल बोलू लागतात. तसल्या एका ठिकाणी एका जेवणाला माणशी अडीचशे युरोंहून अधिक मोजावे लागतात. युरोचे साधारण शंभर रुपये धरले, तर तेवढ्यात आमच्या घरी किती महिन्यांचा किराणा येईल हा हिशेब मी वाचकांवर सोपवते.

तरीही माझे म्हणणे असे, की हे शहर थोडक्या पैशांत उत्तम भोगता येते. नुसते उरकता येते असे नव्हे, भोगता येते. मात्र त्याचे श्रेय प्रवाशाच्या चतुराईला देऊ नये.

हे लिहिणारी कोण, असे कोणी विचारील. मी ते शहर पाहिलेले नाही. माझ्याजवळ पासपोर्टही नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर किंवा कोणाचे तरी लग्न, एवढीच आमच्याकडची व्याख्या. पण नकाशा वाचायला तिकीट लागत नाही. या एका शहराविषयी मिळेल ते मी वर्षभर वाचत आले. वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. ‘स्वस्तात कसे फिरावे’ हे सांगणारी मंडळी युक्त्यांच्या याद्या देतात. पण ज्या गोष्टी तेथे फुकट मिळतात त्या फुकट का मिळतात, हे कोणी विचारत नाही.

वास्तविक हे शहर गरिबांसाठी सजवलेले नव्हतेच. १८१३ साली, ३१ ऑगस्टला, वेढा घालणाऱ्या इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी ते लुटले आणि जाळले. त्यातून वाचलेल्या रस्त्याला आजही त्या तारखेचेच नाव आहे. पुढे १८४५ मध्ये राणी दुसरी इसाबेल वैद्यांच्या सल्ल्यावरून समुद्रस्नानाला येथे आली. राणी आली म्हणून दरबार आला, आणि दरबार आला म्हणून पैसा आला. १८६३ पासून तटबंदी पाडून नवे रुंद रस्ते काढण्यात आले. १८८७ पासून मारिया क्रिस्तिना राणी दर उन्हाळ्याला येऊ लागली आणि १८९३ मध्ये तिचा मिरामार वाडा उभा राहिला. ला कोंचा हा शिंपल्याच्या आकाराचा किनारा त्या काळी बड्यांच्या दिमाखाची जागा होती.

आज त्याच वाळूवर कोणीही पथारी टाकतो. हे आपोआप झाले नाही. १९७८ च्या स्पेनच्या राज्यघटनेत, १३२ व्या कलमात, समुद्रकिनारे ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट लिहिले आहे. १९८८ च्या किनारा कायद्याने त्याला आणखी बळ दिले. हॉटेल कितीही मोठे असो, समोरची वाळू त्याच्या मालकीची होऊ शकत नाही. राणीच्या वाड्याची बागही आता सर्वांना खुली आहे, आणि तेथल्या हिरवळीवर बसून जो समुद्र दिसतो तो राणीला दिसत होता तोच. म्हणून ‘फुकट’ हा शब्दच मला पटत नाही. कोणीतरी कायदा केला, कोणीतरी कर भरला, तेव्हा कुठे परक्या माणसाला तेथे पाय टाकून बसता येते.

ला कोंचाच्या कठड्याने पश्चिमेकडे चालत गेले की ओंदारेता किनारा लागतो आणि तो संपतो तेथे, खडकांत रोवलेली, एदुआर्दो चिल्यीदा या शिल्पकाराची तीन पोलादी शिल्पे आहेत. नाव ‘वाऱ्याची फणी’. चिल्यीदा याच गावचा. तरुणपणी तो येथल्या रेआल सोसिएदाद या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. गुडघा दुखावला, खेळ संपला आणि तो शिल्पाकडे वळला. १९७६-७७ मध्ये ही शिल्पे बसवली गेली आणि त्यांच्या पुढचा चौक लुइस पेन्या गांचेगी या वास्तुरचनाकाराने बांधला. चौकाच्या फरशीला भोके ठेवली आहेत. लाट खालून आदळली की त्यांतून वारा फुत्कारतो, कधी पाण्याचा फवारा उडतो. भोवती ना भिंत, ना तिकिटाची खिडकी. संग्रहालयात शिल्पाला हात लावू नका म्हणून पाटी असते; येथे समुद्रच रात्रंदिवस त्याला हात लावतो. उत्तम कलाकृती उघड्यावर, सर्वांसाठी ठेवण्याचा हा निर्णय मला त्या शिल्पांइतकाच मोठा वाटतो.

उर्गुल टेकडी चढायला पैसे पडत नाहीत. वर जुना किल्ला आहे. समोरच्या इगेल्दो टेकडीवर १९१२ पासून तारेवर ओढली जाणारी छोटी रेल्वे जाते. तिला थोडे भाडे आहे, पण पायांना नाही. जुन्या शहरातल्या संविधान चौकात घरांच्या सज्जांवर आकडे घातलेले दिसतात. पूर्वी या चौकात माणसे बैलांशी झुंजत आणि ते पाहण्यासाठी सज्जातल्या जागा विकल्या जात, त्याची ही खूण.

पाऊस आला तर? तेथे तो वारंवार येतो. बारीक भुरभुरीला बास्क भाषेत ‘सिरिमिरी’ म्हणतात. आपल्या रिमझिमची ही कोणी सख्खी बहीण वाटावी, पण बास्क भाषेला जगात कोणी नातेवाईक सापडलेला नाही. अशा दिवशी मी ताबाकालेरात जाईन. ही १९१३ ते २००३ पर्यंत चाललेली तंबाखूची फॅक्टरी. कामगारांत बहुसंख्य बायका. २०१५ पासून तेथे कलाकेंद्र आहे. प्रदर्शने, वाचनाची जागा, वरच्या मजल्यावरून शहर पाहण्याची सोय. माझी आत्या सोलापुरात विड्या वळते. तंबाखूच्या धुरळ्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या छपराखाली आता मुले अभ्यासाला बसतात, हे वाचून मला बरे वाटले आणि थोडे अस्वस्थही. त्या बायकांची आठवण तेथे येणाऱ्यांना किती होत असेल?

आता पोटाचे. येथे बारच्या फळीवर ‘पिंचो’ मांडलेले असतात; म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीला टोचून केलेला घासभर पदार्थ. उभ्यानेच खायचे. जुन्या रिवाजाप्रमाणे खाऊन झाल्यावर काय काय खाल्ले ते आपणच सांगायचे आणि पैसे द्यायचे. या विश्वासावरच धंदा चालत आला. ऑलिव्ह, अँचोव्ही मासा आणि लोणच्याची हिरवी मिरची एका काडीला टोचली की ‘गिल्दा’ होतो. १९४६ च्या रिटा हेवर्थच्या चित्रपटावरून हे नाव पडले. मिरची बेताचीच तिखट असते म्हणे. आमच्या ठेच्यासमोर तिचा निभाव लागणार नाही. एकेका पिंचोला तीन-चार युरो पडतात, तेव्हा यावर पोट भरायला गेले तर दिवाळे निघेल. शहाणपण असे, की दुपारी दिवसाचे ठरीव जेवण घ्यावे. १९६० च्या दशकात सरकारनेच उपाहारगृहांवर बंधन घालून ही पद्धत सुरू केली, आणि अजूनही पंधरा-वीस युरोंच्या आसपास पोटभर जेवण मिळते. रात्री बाजारातून पाव, चीज आणि सफरचंद. गुरुवारी ग्रोस भागात पेय आणि पिंचो मिळून सवलतीत देतात, तो दिवस गाठावा.

पण बास्क लोकांची स्वस्त खाण्याची खरी रीत वेगळीच आहे. त्यांची स्वयंपाक-मंडळे असतात. सभासद मिळून जागा घेतात, स्वतः रांधतात, जे वापरले ते लिहून पैसे ठेवतात. श्रीमंत-गरीब एका चुलीवर. किती छान! आणि या मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या बायकांना चुलीपाशी प्रवेश नव्हता. आता पुष्कळ ठिकाणी दारे उघडली आहेत, सर्वत्र नाहीत. घरी चूल बाईची आणि मौजेची चूल पुरुषाची, हा न्याय युरोपातही होता तर!

सणसमारंभही अंगणातच होतात. २० जानेवारीला चोवीस तास ढोल आणि पिंपे बडवत लोक रस्त्यांतून फिरतात. जुलैतल्या जॅझ महोत्सवात (तो १९६६ पासून चालू आहे) सुरिओला किनाऱ्यावर विनातिकीट मैफली होतात. सप्टेंबरच्या पहिल्या दोन रविवारी वल्हवण्याच्या शर्यती; मूळ कोळ्यांच्या होड्यांच्या, १८७९ पासूनच्या. २००८ पासून बायकांच्याही होतात. पाहायला टेकडीचा उतार पुरतो.

एवढे सगळे झाल्यावर रात्र होते, आणि हिशेब तेथे फसतो. ऑगस्टमध्ये शंभर युरोंच्या खाली खोली मिळणे कठीण. मग स्वस्ताई शोधणारा प्रवासी कोणाचे तरी राहते घर चार दिवसांसाठी भाड्याने घेतो आणि आपण पैसे वाचवले म्हणून खूश होतो. त्या घरात पूर्वी कोणी शिक्षिका किंवा परिचारिका राहत असेल. मालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा चार दिवसांचा पाहुणा अधिक देतो, म्हणून तिला बाहेरगावी जावे लागते. स्पेनमधली तरुण मंडळी आधीच सरासरी तिशीपर्यंत आईवडिलांच्या घरी राहतात. २०२४ साली या शहरातल्या रहिवाशांनी पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध मोर्चा काढला, तो उगाच नव्हे. नगरपालिकेने जुन्या शहरासारख्या भागांत पर्यटकांसाठी नवी भाड्याची घरे काढण्यावर निर्बंध घातले आहेत. काही जण म्हणतील, निर्बंधांनी गरीब प्रवाशाचेच नुकसान. मला हे मान्य नाही. आपली काटकसर दुसऱ्याच्या छपरावर होत असेल तर ती काटकसर नव्हे.

मार्ग आहेत. ऑक्टोबरात जावे. वसतिगृहातली एक खाट घ्यावी. किंवा शेजारच्या इरुनला राहावे. बोगद्यांतून धावते म्हणून जिला ‘तोपो’, म्हणजे चिचुंद्रीसारखा जमीन पोखरणारा प्राणी, असे नाव पडले त्या गाडीने ये-जा करता येते. सान्तियागोच्या यात्रेची उत्तरेकडची वाट इरुन, पासाइया आणि सान सेबास्तियानवरून जाते, आणि यात्रेकरूंना धर्मशाळा असतात. पासाइयाला १८४३ मध्ये व्हिक्टर ह्यूगो राहिला होता. तेथे होडीने खाडी ओलांडायची आणि उलिया डोंगराच्या कडेने, समुद्र उजव्या हाताला ठेवून, चालत शहरात उतरायचे. माझ्या मते त्या शहरात शिरण्याचा हाच सर्वांत देखणा दरवाजा आहे, आणि तो पायी चालणाऱ्यालाच उघडतो.

राहता राहिला येथून तेथे पोहोचण्याचा खर्च. विमानाचे भाडे तर आहेच. पण व्हिसा मागताना आपल्याजवळ पुरेसे पैसे आहेत हेही बँकेच्या कागदांनिशी दाखवावे लागते. मी रोज थोडक्यात भागवीन, टेकडीवर पाव खाईन, हे तेथे चालत नाही. आधी पुष्कळ असल्याचे दाखवावे, मग थोडके खर्चण्याची मुभा! आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना यावर काय वाटते, हे मला एकदा विचारायचे आहे.