दोष तरुणांचा नव्हे : जीएमसी मोटरहोम आणि तिचे पहारेकरी

१/
अमेरिकेतील जुन्या मोटरहोमच्या वर्तुळात एक तक्रार ठरलेली असते : नव्या पिढीला या गाड्यांची कदर नाही. ही तक्रार अन्यायकारक आहे. या गाड्यांची वाट अडवून बसले आहेत ते त्यांचे निष्ठावंत पहारेकरीच. जनरल मोटर्सच्या जीएमसी मोटरहोमचा इतिहास त्याची साक्ष देतो.

२/
ही गाडी १९७३ साली आली. तोवरचे बहुतेक मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर ठेवलेले खोके. येथे मात्र ओल्ड्समोबील टोरोनॅडो या मोटारीचे ४५५ घनइंची, म्हणजे सुमारे साडेसात लिटरचे इंजिन पुढची चाके फिरवत होते. मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा लांब दांडाच नव्हता. त्यामुळे घराची जमीन रस्त्यापासून जेमतेम १४ इंचांवर आली. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाके आणि त्यांना हवेच्या पिशव्यांचा आधार. अंगावर ॲल्युमिनियम व फायबरग्लास. त्या काळच्या रस्त्यावर ती परग्रहावरून उतरल्यासारखी दिसली असेल.

३/
मुहूर्त मात्र वाईट लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली. तरीही १९७८ पर्यंत सुमारे १२,९०० गाड्या बनल्या. पुढे टोरोनॅडोच आकाराने लहान झाली आणि मोटरहोमचे उत्पादन थांबले. अंगाला गंज चढत नसल्याने यांतील पुष्कळ गाड्या अजून धावतात.

४/
आता मूळ वादाकडे. पहारेकऱ्यांचा आग्रह असा की सत्तरच्या दशकातील गालिचे, पडदे, कपाटे, सारे जसेच्या तसे हवे. सोफा काढून तेथे कामाचे टेबल बसवणारा तरुण त्यांना विध्वंसक वाटतो.

५/
पण 'मूळ' म्हणजे नेमके काय? कारखाना स्वतःच आतून रिकाम्या गाड्या 'ट्रान्समोड' या नावाने विकत असे आणि इतर कंपन्या त्या आपापल्या गरजेनुसार सजवत. म्हणजे आतली रचना बदलणे हा या गाडीवरचा अत्याचार नव्हे. ती तशीच कल्पिलेली होती. आणि शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्यांच्या गाड्यांची चाके पाहावीत. मूळ चाके साडेसोळा इंचांची. त्या मापाचे चांगले टायर मिळेनासे झाले, तेव्हा याच मंडळींनी १६ इंची चाके बसवली. इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा जोडणारेही त्यांच्यात आहेत. चाकांना जी सवलत, ती पडद्यांना का नाही?

६/
काही मोजक्या गाड्या अस्पर्श राहाव्यात, हे खरे. अभ्यासकांना तो पुरावा हवा. परंतु त्यांची जागा संग्रहालयात आहे. उरलेल्या गाड्यांना मालक हवा, आणि मालक म्हणजे जो त्या चालवील.

७/
तरुणाला अडवणारी खरी भीती निराळी आहे. इंजिन बैठकीच्या जमिनीखाली, झाकणाआड असते. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने कुजतात, गळतात. तापलेल्या इंजिनावर ती गळती झाली तर आग लागते. लिटरमागे अंतर कापले जाते ते चारेक किलोमीटर, तेही बरे दिवस असतील तर. एखादा भाग बिघडला की गल्लीतला मेकॅनिक हात वर करतो. कोणती नळी आधी बदलावी, हवेच्या पिशवीचा कोणता आवाज धोक्याचा, हे ज्ञान म्हाताऱ्या मालकांच्या डोक्यात आहे. त्यांच्याबरोबर ते जाईल आणि गाडी वारसांच्या अंगणात उभी राहील.

८/
त्यात किमतीचा प्रश्न. दुरुस्तीवर घातलेला प्रत्येक डॉलर वसूल व्हावा ही विक्रेत्याची अपेक्षा. हौसेचा खर्च कोणत्या बाजारात परत मिळाला आहे?

९/
तेव्हा विकणाऱ्याने इंधनाच्या नळ्या व ब्रेक स्वखर्चाने नवे करून द्यावेत. दुरुस्त्यांची वही किल्लीसोबत सोपवावी. दोन दिवस नव्या मालकाला गाडीखाली घेऊन बसावे आणि पहिल्या लांबच्या प्रवासात फोन उचलावा. मग त्याने भिंतींना कोणता रंग दिला, याची चौकशी करू नये.