डिंगलची पाटी

आयर्लंडच्या केरी परगण्यात डिंगल नावाचं छोटं बंदर आहे. सुट्टीत तिथे दोन दिवस होतो. जवळचं गॅलरसचं प्रार्थनाघर पाहिलं. चुना नाही की माती नाही, नुसते दगडावर दगड, आकार पालथ्या होडीचा. शतकानुशतकं उभं आहे. पण मी भाषेचा मास्तर, माझं लक्ष पाट्यांकडे.

हा आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख. २००५ मध्ये सरकारने 'डिंगल' हटवून फक्त 'अन दांगन' हे आयरिश नाव ठेवलं. लोक चिडले. २००६ मध्ये मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी दोन्ही भाषांतलं नाव मागितलं. २०११ मध्ये कायद्याने ते दिलं. सरकारचा हेतू वाईट नव्हता हो, पण एक नाव खोडून दुसरी भाषा कशी जगणार?

आपल्याकडे पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती. ती काढा म्हणून वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. २०२५ मध्ये कोर्टाने उर्दू राहू दिली. त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले.

डिंगलच्या दुकानात एक मुलगी म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी आयरिश बोलत होती. मला पाहताच दोघंही इंग्रजीवर आली.